३५ डॉलरची मर्यादा नेमकी कुणावर?

प्रश्न न्यू जर्सीतल्या एडिसनहून आला आहे. थोडक्यात असा: "राज्याने इन्सुलिनला महिना ३५ डॉलरची मर्यादा घातली, जानेवारी २०२५ पासून ती लागूही झाली. तरी नवऱ्याच्या दोन प्रकारच्या पेनांचे मिळून फार्मसीने २२० डॉलर घेतले. फार्मासिस्ट म्हणाला, तुमचा प्लॅन त्यात येत नाही. नवरा आयटी कंपनीत आहे, कार्ड नावाजलेल्या विमा कंपनीचं आहे. मग हा कायदा आहे तरी कुणासाठी? आपल्याकडे खोक्यावर छापील किंमत असते, तशी राज्याने सरळ किंमतच का ठरवू नये? आणि पुढच्या महिन्यात सासूबाई पुण्याहून येतायत, त्यांनाही इन्सुलिन आहे. त्यांचं काय?"

फार्मासिस्टचं बहुधा बरोबर आहे. अमेरिकेतल्या राज्यांचे औषधांच्या किमतीबद्दलचे कायदे वाचताना आकड्यावर नजर जाते, पण आधी वाक्याचा कर्ता शोधायला हवा. न्यू जर्सीचा २०२३ चा कायदा म्हणतो, की राज्याच्या देखरेखीखालच्या विमा योजनेने ३० दिवसांच्या इन्सुलिनसाठी ग्राहकाकडून ३५ डॉलरपेक्षा जास्त घेऊ नये. ॲलर्जीच्या झटक्यावरच्या एपिनेफ्रिन इंजेक्शनला २५ आणि दम्याच्या इनहेलरला ५० डॉलर. इथे कर्ता विमा कंपनी आहे. औषध कंपनीने ते इन्सुलिन कितीला विकावं, याबद्दल त्यात चकार शब्द नाही. बातम्यांत मात्र 'इन्सुलिन आता ३५ डॉलरला' असं छापून येतं.

आता विमा कंपनी म्हणजे कोण? इथेच बहुतेक जण फसतात. तुमच्या कार्डावर ज्या कंपनीचं नाव आहे ती दोनपैकी एक काम करते. एक तर ती खरोखर विमा विकते: हप्ता घेते, जोखीम स्वतःवर घेते. याला फुली इन्शुअर्ड म्हणतात. नाही तर ती नुसती कारकुनी करते: कार्डं छापते, बिलं तपासते, डॉक्टरांचं नेटवर्क पुरवते, आणि दाव्यांचे पैसे प्रत्यक्षात नवऱ्याची कंपनी आपल्या खिशातून भरते. हा सेल्फ-फंडेड प्लॅन. अशा प्लॅनवर १९७४ चा एरिसा हा केंद्रीय कायदा चालतो आणि राज्यांचे विमा कायदे तिथे पोचत नाहीत. अमेरिकेत नोकरीतून विमा मिळणाऱ्यांपैकी निम्म्याहून बरेच जास्त लोक असल्या प्लॅनमध्ये आहेत, मोठ्या कंपन्यांत तर बहुतेक जण. म्हणजे राज्य जो कायदा करतं तो आयटीतल्या मराठी माणसाला बहुतेक वेळा चाटूनही जात नाही. उलट एखाद्या छोट्या दवाखान्यात रिसेप्शनला बसणाऱ्या बाईंना तो बहुधा पूर्ण लागू होतो, कारण तिथला प्लॅन सहसा विकत घेतलेला असतो. राज्य सरकारचे कर्मचारी आणि शाळांचे शिक्षक यांच्या योजना न्यू जर्सीने कायद्यात नाव घेऊन सामील केल्या आहेत.

दुसरी मेख अशी, की तुम्ही कुठे राहता यापेक्षा पॉलिसी कुठल्या राज्यात दिली गेली हे बघतात. समजा नवऱ्याची कंपनी मॅनहॅटनमध्ये आहे आणि पॉलिसी न्यूयॉर्कमध्ये घेतलेली, फुली इन्शुअर्ड आहे. मग तुम्ही एडिसनला राहत असलात तरी सहसा न्यूयॉर्कचा कायदा बघावा लागतो. तो तर आणखी सढळ आहे: राज्याच्या देखरेखीखालच्या प्लॅनमध्ये १ जानेवारी २०२५ पासून इन्सुलिनला को-पेच, म्हणजे काउंटरवर तुम्ही भरायचा वाटाच, नाही. टेक्सासमध्ये मुख्यालय असलेल्या कंपनीच्या पॉलिसीला वेगळा नियम.

प्लॅन कुठला हे कसं ओळखायचं? कार्डाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात बघा. 'अमुक कंपनी फक्त प्रशासकीय सेवा देते, आर्थिक जोखीम घेत नाही' अशा अर्थाचं वाक्य असेल तर प्लॅन सेल्फ-फंडेड. टेक्सासच्या कार्डावर 'टीडीआय' किंवा 'डीओआय' (विमा खात्याची आद्याक्षरं) ही अक्षरं असतील तर तो राज्याच्या अखत्यारीत. कार्डावर काही कळत नसेल तर एचआरला ईमेलने दोनच प्रश्न विचारा: आपला औषधांचा प्लॅन फुली इन्शुअर्ड आहे की सेल्फ-फंडेड, आणि पॉलिसी कुठल्या राज्यात दिली आहे? फोनवर विचारू नका. लेखी उत्तर पुढे अपिलात कामाला येतं. एचआर टोलवाटोलवी करत असेल तर 'समरी प्लॅन डिस्क्रिप्शन' मागा. ते द्यावंच लागतं आणि त्यात निधी कुठून येतो याचा परिच्छेद असतो. याउपर खात्री करायची तर केंद्रीय कामगार खात्याच्या संकेतस्थळावर कंपनीचा 'फॉर्म ५५००' शोधा. त्यातल्या ९-ए आणि ९-बी या ओळींत 'जनरल ॲसेट्स' वर खूण असेल तर खिसा कंपनीचाच. 'इन्शुरन्स' वरही खूण दिसली म्हणून हुरळू नका, ती दातांच्या किंवा जीवनविम्यासाठी असू शकते. सोबतचं शेड्युल-ए उघडून औषधांचा उल्लेख आहे का ते बघा. छोट्या कंपन्यांना बहुतेक वेळा हा फॉर्म भरावाच लागत नाही. आणि छोट्या कंपन्यांत 'लेव्हल-फंडेड' नावाचा एक प्रकार चालतो. दर महिन्याला ठरावीक रक्कम भरत असल्यामुळे तो विम्यासारखा दिसतो, पण बहुतेक राज्यं त्याला सेल्फ-फंडेडच मानतात.

प्लॅन राज्याच्या अखत्यारीतला निघाला आणि तरी जास्त पैसे घेतले, तर चूक बहुतेक वेळा तीनपैकी एका जागी असते.

पहिली जागा 'डेज सप्लाय'. मर्यादा ३० दिवसांना असते, आणि खोकं किती दिवसांचं हे फार्मासिस्ट संगणकात भरतो. पाच पेनांच्या खोक्यात १५ मिलिलिटर, म्हणजे १,५०० युनिट. डॉक्टरने चिठ्ठीवर नुसतं 'सांगितल्याप्रमाणे घ्यावे' लिहिलं असेल तर फार्मासिस्ट अंदाज बांधतो. रोज ५० युनिट धरले तर ३० दिवस, २५ धरले तर ६० दिवस. ६० दिवस भरले की त्याच खोक्याला ७० डॉलर लागतात, आणि वर पुढचं खोकं दोन महिने मिळत नाही. त्यातच प्रत्येक टोचणीआधी पेनातून दोन युनिट हवेत सोडायचे असतात, याला प्रायमिंग म्हणतात. दिवसाला चार टोचण्या असतील तर आठ युनिट तिथेच गेले. महिन्याचे २४०, म्हणजे जवळजवळ एक अख्खं पेन. उपाय साधा आहे: डॉक्टरला चिठ्ठीवर 'प्रायमिंग धरून दिवसाला कमाल ६० युनिट' असा, तुमच्या डोसाला धरून, स्पष्ट आकडा लिहायला सांगा.

दुसरी जागा प्लॅनची औषध-यादी, म्हणजे फॉर्म्युलरी. मर्यादा प्लॅनच्या यादीतल्या इन्सुलिनला असते. यंदा यादीत एका कंपनीचं, पुढच्या जानेवारीत दुसऱ्या कंपनीचं. जुन्याच ब्रँडची चिठ्ठी चालू राहिली तर दावा नाकारला जातो आणि काउंटरवर पूर्ण किंमत दिसते. यात कायदा मोडलेला नसतो. डॉक्टरकडून यादीतल्या ब्रँडची चिठ्ठी घेतली की प्रश्न सुटतो.

तिसरी जागा म्हणजे मर्यादा एका चिठ्ठीला की महिन्याच्या सगळ्या इन्सुलिनला. तुमच्या नवऱ्यासारखं एक दिवसभराचं आणि एक जेवणाआधीचं असे दोन प्रकार असले, की हा प्रश्न येतोच. कोलोरॅडोने २०१९ मध्ये देशात सगळ्यांत आधी को-पेला मर्यादा घातली, १०० डॉलर. विमा कंपन्यांनी तिचा अर्थ प्रत्येक चिठ्ठीला १०० असा लावला. २०२१ मध्ये राज्याला कायदा दुरुस्त करून 'सगळी इन्सुलिन मिळून' असं लिहावं लागलं. आपल्या राज्याच्या मजकुरात नेमके कुठले शब्द आहेत ते बघा. सुया, पट्ट्या, सेन्सर यांना तर मर्यादा सहसा नसतेच; कनेटिकटसारख्या एखाद्या राज्याने त्यांनाही वेगळी, महिना १०० डॉलरची मर्यादा घातली आहे.

तक्रार कुठे करायची हेही कर्त्यावरच ठरतं. फुली इन्शुअर्ड प्लॅन असेल तर न्यू जर्सीच्या बँकिंग आणि विमा खात्याकडे. सेल्फ-फंडेड असेल तर आधी प्लॅनकडे लेखी अपील, त्यासाठी नकारापासून १८० दिवस मिळतात, आणि नंतर केंद्रीय कामगार खात्याच्या कर्मचारी-लाभ विभागाकडे. चुकीच्या दारात गेलात तर दोन महिन्यांनी 'हे आमच्या अखत्यारीत नाही' असं पत्र येतं आणि तोवर अपिलाची मुदत सरकत असते.

तुमचा प्लॅन सेल्फ-फंडेड असला तरी तीन गोष्टी करता येतात. इन्सुलिन बनवणाऱ्या तिन्ही मोठ्या कंपन्यांच्या महिना ३५ डॉलरच्या योजना आहेत. त्यांच्या संकेतस्थळावरून कार्ड उतरवून फार्मासिस्टला द्यायचं. अटी प्रत्येकीच्या वेगळ्या, खासगी विमा असणाऱ्यांना काही ठिकाणी चालतं, मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी विमा) आणि मेडिकेड (गरिबांचा सरकारी विमा) असणाऱ्यांना नाही. दुसरं, फार्मासिस्टला 'विमा न लावता रोख किती?' असं विचारा. २०१८ पर्यंत काही करारांमध्ये फार्मासिस्टला हे सांगायला चक्क बंदी होती. केंद्राने त्या वर्षी ती उठवली. रोखीने घेतलं तर ती रक्कम डिडक्टिबलमध्ये, म्हणजे विमा सुरू होण्याआधी दर वर्षी स्वतः भरायच्या रकमेत, सहसा धरत नाहीत, त्यामुळे वर्षअखेरीला मोठं ऑपरेशन ठरलं असेल तर आधी हिशेब करा. तिसरं, एचआरला सांगा. सेल्फ-फंडेड कंपनीला ३५ डॉलरची मर्यादा स्वतःहून लावता येते, आणि डिडक्टिबल जास्त असलेल्या एचएसए (करसवलतीचं आरोग्य-बचत खातं) प्लॅनमध्येही इन्सुलिनला डिडक्टिबलआधी सूट द्यायला केंद्रीय करकायद्याची आता आडकाठी नाही. नव्या वर्षाचा प्लॅन उन्हाळ्यात ठरतो. नोव्हेंबरमध्ये सांगून उपयोग नाही.

आता छापील किमतीचा प्रश्न. आधी एक गैरसमज काढू: आपल्याकडेही किंमत महाराष्ट्र ठरवत नाही, दिल्ली ठरवते. जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ चा, त्याखाली औषध दर नियंत्रण आदेश २०१३ चा, आणि दर जाहीर करते ती राष्ट्रीय औषध दर प्राधिकरण ही केंद्रीय संस्था. यादीतल्या औषधाच्या ज्या ब्रँडांचा बाजारातला वाटा किमान १ टक्का आहे, त्यांच्या दुकानदाराला पडणाऱ्या किमतींची सरासरी काढायची, वर १६ टक्के दुकानदाराचा नफा, आणि झाली कमाल किंमत. तिथे कर्ता उत्पादक आहे आणि आकडा खोक्यावर छापलेला आहे, म्हणून नाक्यावरच्या केमिस्टशीही त्यावरून भांडता येतं. अमेरिकेत एकाच खोक्याला उत्पादकाची लिस्ट प्राइस (जाहीर किंमत) वेगळी, घाऊक व्यापाऱ्याची वेगळी, रिबेट (उत्पादक मागाहून देतो ती सूट) वजा केल्यावरची गुप्त, फार्मसीला परत मिळणारी आणखी निराळी, आणि तुमचा को-पे या सगळ्यांहून निराळा. छापणार तरी कुठली?

राज्यांनी उत्पादकालाच कर्ता करून पाहिलं नाही असं नाही. राजधानी वॉशिंग्टन डीसीने २००५ मध्ये पेटंट असलेल्या औषधांच्या अवाजवी किमतीविरुद्ध कायदा केला. ब्रिटन, जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांपैकी कुठल्याही देशातल्या किमतीपेक्षा ३० टक्क्यांहून जास्त लावली, तर ती सकृद्दर्शनी अवाजवी. २००७ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने तो उडवला: पेटंट काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, दिलं, त्यातून मिळणारा मोबदला शहराने कमी करायचा नाही. मग मेरीलँडने शहाणपणाने पेटंटचा रस्ता टाळला. २०१७ चा त्यांचा कायदा फक्त पेटंट संपलेल्या आणि जेनेरिक औषधांसाठी होता, विवेकाला धरून नसलेल्या दरवाढीविरुद्ध. एप्रिल २०१८ मध्ये चौथ्या सर्किटच्या, म्हणजे त्या विभागाच्या केंद्रीय अपील न्यायालयाने तोही घटनाबाह्य ठरवला. कारण वेगळं: उत्पादक घाऊक व्यापाऱ्याला माल विकतो तो व्यवहार मेरीलँडच्या बाहेर होतो, आणि एका राज्याने दुसऱ्या राज्यातल्या व्यवहाराची किंमत ठरवायची नाही. देशातली बहुतेक औषधं तीन मोठ्या घाऊक कंपन्यांमधून जातात, तेव्हा जवळजवळ सगळेच पहिले व्यवहार 'बाहेर' होतात. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्नियाच्या डुकराच्या मांसाच्या खटल्यात या 'बाहेर'च्या तत्त्वाची धार बरीच बोथट केली. तेव्हा वाटलं होतं दार उघडेल. पण त्याच वर्षी मिनेसोटाने जेनेरिकसाठी केलेल्या अशाच कायद्याला न्यायालयाने अंतरिम मनाई दिली.

उत्पादक हाती लागत नाही म्हटल्यावर राज्यांनी कर्ता बदलला: विकणाऱ्याला सोडून विकत घेणाऱ्याला धरलं. 'आमच्या राज्यात या औषधासाठी कुणीही अमुक रकमेपेक्षा जास्त मोजू नये' अशी मर्यादा, आणि ती ठरवायला परवडण्याजोग्या किमतींचं मंडळ. असं पहिलं मंडळ मेरीलँडनेच २०१९ मध्ये काढलं. न्यू जर्सीनेही २०२३ मध्ये परिषद नेमली, पण तिला अभ्यास आणि शिफारस एवढाच अधिकार आहे. ती उद्या काही ठरवेल या आशेवर राहू नका.

सगळ्यांत पुढे गेलं ते कोलोरॅडो, आणि तिथलं एक औषध जवळून बघण्यासारखं आहे. मंडळ २०२१ च्या कायद्याने आलं, सदस्य पाच. २०२३ मध्ये तपासणीसाठी पाच औषधं निवडली: एनब्रेल, जेनव्होया, कोसेंटिक्स, स्टेलारा आणि ट्रायकाफ्टा. ट्रायकाफ्टा हे सिस्टिक फायब्रोसिसचं औषध पाचांत सगळ्यांत महाग, तरी मंडळाने ते 'न परवडणारं' ठरवलं नाही. दुसरं औषधच नाही, ते निघून गेलं तर काय, ही रुग्णांची भीती सुनावणीत जोरात मांडली गेली होती. संधिवातासाठी वापरलं जाणारं एनब्रेल मात्र न परवडणारं ठरलं. उत्पादक कंपनी न्यायालयात गेली. मर्यादा अजून ठरलेलीच नाही तर नुकसान कसलं, म्हणून मार्च २०२५ मध्ये तो दावा फेटाळला गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मंडळाने देशातली पहिली मर्यादा ठरवली: ५० मिलिग्रॅमच्या एका मात्रेला ६०० डॉलर, १ जानेवारी २०२७ पासून. आठवड्याला एक म्हणजे महिन्याचे २,४००. हा आकडा हवेतून आला नाही. मेडिकेअरने वाटाघाटी करून २०२६ साठी याच औषधाचा ३० दिवसांचा दर २,३५५ डॉलर ठरवला आहे. त्याआधीची लिस्ट प्राइस ७,१०६ डॉलर होती.

कागदावर हे झकास आहे. पण डेन्व्हरच्या फार्मसीच्या काउंटरमागे उभं राहून बघा. घाऊक व्यापारी तिला माल देतो तो लिस्ट प्राइसच्या आसपास. ती विकणार २,४०० ला. मधले साडेचार हजारांच्या वरचे पैसे कुणी, कधी, कुठल्या खात्यातून परत करायचे? मेडिकेअरने यासाठी केंद्रीय यंत्रणा उभी केली: दावा आला की उत्पादकाने १४ दिवसांत फरक भरायचा. तरी छोटे दुकानदार दोन आठवडे पैसे अडकतात म्हणून ओरडतातच. एका राज्याकडे अशी यंत्रणा नाही. ती नसेल तर दुकानदार ते औषध ठेवणंच बंद करेल, आणि मर्यादा असूनही रुग्णाला ते मिळणार नाही. माझ्या मते या मंडळांचं यश आकड्यापेक्षा या परताव्याच्या नळावर ठरेल, आणि चर्चा सगळी आकड्याची चालते. उत्पादकाने राज्यातून पाय काढला तर? कोलोरॅडोच्या कायद्यात १८० दिवस आधी नोटीस द्यायची आणि न दिल्यास पाच लाख डॉलरपर्यंत दंड आहे. अब्जांची विक्री असलेल्या औषधापुढे हा दंड किरकोळ आहे. आणि सेल्फ-फंडेड प्लॅन इथेही बाहेरच. मर्यादा हवी तर त्यांनी स्वतःहून सामील व्हायचं.

विमा योजनांच्या वतीने औषधांचे व्यवहार बघणाऱ्या मधल्या दलालांवरचे, म्हणजे पीबीएमवरचे कायदे हा वेगळा प्रांत आहे. इथे एवढंच सांगतो की राज्यांना न्यायालयात सर्वांत मोठा विजय तिथे मिळाला. फार्मसीला खरेदीपेक्षा कमी पैसे देऊ नका, हा आर्कान्सासचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये ८ विरुद्ध ० ने उचलून धरला, आणि तो सेल्फ-फंडेड प्लॅनच्या दलालांनाही लागू झाला. पण ओक्लाहोमाने फार्मसींचं नेटवर्क कसं असावं हे सांगायला सुरुवात केली तेव्हा दहाव्या सर्किटने ते रोखलं. दर सांगा, प्लॅनची रचना सांगू नका, अशी ती रेघ आहे.

मग इन्सुलिनची लिस्ट प्राइस उतरली कशामुळे? ह्युमलॉग या इन्सुलिनची एक बाटली १९९६ मध्ये २१ डॉलरला होती, २०१७ पर्यंत २७५ च्या घरात गेली, आणि २०२३ च्या अखेरीला ६६ वर आली. श्रेय अनेकांनी घेतलं. राज्यांच्या मर्यादांनी आणि आंदोलनांनी वातावरण तापवलं हे खरं, पण कुलूप वेगळ्याच किल्लीने उघडलं. मेडिकेडला उत्पादकाने रिबेट द्यावा लागतो: ब्रँडेड औषधाला सरासरी उत्पादक-किमतीच्या किमान २३.१ टक्के, आणि महागाईपेक्षा जास्त दरवाढ केली असेल तर वर दंडासारखी भर. या बेरजेला १०० टक्क्यांची कमाल होती. काँग्रेसने २०२१ मध्ये ती १ जानेवारी २०२४ पासून काढून टाकली. वीस वर्षं दर वाढवत नेलेल्या इन्सुलिनवर आता किमतीपेक्षा रिबेट जास्त बसणार होता; प्रत्येक बाटलीमागे कंपनीने पदरचे पैसे घालायचे. तिन्ही कंपन्यांनी नेमक्या त्या मुहूर्ताच्या आसपास ६५ ते ७८ टक्के कपात जाहीर केली.

कॅलिफोर्नियाने स्वतःच उत्पादनाच्या बाजूला जायचं ठरवलं. २०२० च्या कायद्याने राज्याचं स्वतःचं 'कॅलआरएक्स' हे लेबल आलं. २०२३ मध्ये सिव्हिका या ना-नफा कंपनीशी पाच कोटी डॉलरचा करार झाला, आणि जानेवारी २०२६ पासून ग्लार्जिन या दिवसभराच्या इन्सुलिनची पाच पेनं ५५ डॉलरला असा दर जाहीर झाला, म्हणजे पेन ११ डॉलरला. लेबल राज्याचं आणि दर करारातला असल्याने इथे एरिसा, पेटंट, परराज्यातला व्यवहार यांपैकी काहीच आडवं येत नाही. मिनेसोटाचा २०२० चा कायदा आणखी निराळा. आईच्या विम्यात राहण्याचं वय उलटल्यावर इन्सुलिन पुरवून पुरवून वापरताना २६ व्या वर्षी गेलेल्या ॲलेक स्मिथचं नाव त्याला आहे. सात दिवसांपेक्षा कमी इन्सुलिन उरलं असेल, तर तिथला रहिवासी फार्मसीत अर्ज भरून वर्षातून एकदा ३० दिवसांचं इन्सुलिन ३५ डॉलरमध्ये घेऊ शकतो, खर्च उत्पादकावर.

सासूबाईंना यातलं जवळजवळ काहीच लागू नाही. पाहुण्यांचा विमा हा प्रवासविमा असतो, राज्याच्या मर्यादा त्याला नाहीत, आणि आधीपासूनच्या आजाराची रोजची औषधं तो सहसा देतच नाही. कंपन्यांच्या ३५ डॉलरच्या योजना अमेरिकेतल्या रहिवाशांसाठी आहेत. म्हणून इन्सुलिन पुण्याहूनच आणावं. प्रवाशाने स्वतःपुरतं साधारण तीन महिन्यांपर्यंतचं आणलं तर सहसा हरकत घेत नाहीत; मूळ खोकं, आणि इंग्रजीत जेनेरिक नाव व डोस लिहिलेली डॉक्टरची चिठ्ठी सोबत हवी. सामानात टाकू नका, विमानाच्या पोटात गोठू शकतं, आणि गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फुकट. हातातल्या बॅगेत थंड पिशवीत ठेवा. सुरक्षा तपासणीत आधी सांगितलं की बर्फाचे पॅक चालतात.

आणि एक गोष्ट फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेवा. पुण्यात बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० युनिट प्रति मिलिलिटरचं असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपीची. अमेरिकेत बाटली १०० ची आणि सिरिंज नारिंगी टोपीची. लाल टोपीच्या सिरिंजा संपल्या म्हणून इथली आणली आणि पुण्याच्या बाटलीतून २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर आत जातात फक्त ८ युनिट. साखर चढत जाते आणि कारण कळत नाही. उलटं केलं, म्हणजे बाटली फुटली म्हणून इथली घेतली आणि उरलेल्या लाल टोपीच्या सिरिंजने २० पर्यंत भरली, तर २० ऐवजी ५० युनिट जातात, आणि हे जिवावर बेतू शकतं. तेव्हा बाटली आणि सिरिंज एकाच देशाची, आणि सिरिंजा मुक्कामाच्या दिवसांपेक्षा पंधरा दिवसांच्या जास्त. पेन वापरत असतील तर ही भानगड नाही, भारतातली पेनंही बहुतेक १०० चीच असतात. सुया मात्र भरपूर आणाव्यात.

इथे घ्यायची वेळ आलीच तर साधं मानवी इन्सुलिन, रेग्युलर आणि एनपीएच, बहुतेक राज्यांत चिठ्ठीशिवाय मिळतं. वॉलमार्टच्या 'रेलिऑन' लेबलची बाटली सुमारे २५ डॉलरला. जेवणाआधीच्या लिस्प्रो इन्सुलिनची ब्रँडविना बाटलीही २५ लाच आहे, पण तिला इथल्या डॉक्टरची चिठ्ठी लागते. सासूबाई ग्लार्जिन किंवा लिस्प्रोवर असतील तर मानवी इन्सुलिन तसंच्या तसं बदलून देऊ नका: रेग्युलर जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं असतं आणि उशिरापर्यंत काम करतं, एनपीएच मध्येच जोर धरतं. पुण्याच्या डॉक्टरकडून पर्यायी डोस निघण्याआधीच कागदावर लिहून घ्या, युनिटच्या आकड्यापुढे '४० ची बाटली' की '१०० ची' हे धरून.